आधी ओला कचरा, मग बाकीचं

पर्यावरणासाठी घरात काय करता येईल असं कुणी विचारलं की बहुतेक वेळा खरेदीची यादीच पुढे येते: बांबूचा टूथब्रश, स्टीलची स्ट्रॉ, तागाची पिशवी. या वस्तू चांगल्याच आहेत. पण चौघांच्या घरातले वर्षभराचे सगळे टूथब्रश एकत्र केले तरी अर्धा किलो भरत नाहीत, आणि त्याच घरातून ओला कचरा जातो अडीचशे किलोच्या आसपास. म्हणून सुरुवात वजनकाट्यापासून करावी. आठवडाभर रोज रात्री ओला कचरा तोलायचा आणि कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, आकडा लिहायचा. रोज भाजी-पोळी होणाऱ्या घरात तो साधारण सहाशे ते आठशे ग्रॅम येतो. मटार सोलायच्या दिवसांत आणि आंब्याच्या महिन्यात दीड किलोवरही जातो.

ओलं आधी हाताळायचं याला वजनापेक्षा मोठं कारण आहे. डब्यातून ओलं निघालं की उरलेलं सगळं कोरडं राहतं. कोरडा कागद, कोरडी पिशवी, कोरडी बाटली भंगारात विकली जाते; आमटी लागलेली जात नाही. कचराडेपोवर गेलेलं ओलं ढिगाखाली हवेशिवाय कुजतं आणि मिथेन सोडतं. देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर मुंबईवर कित्येक दिवस होता. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं झेलल्याबद्दल उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी किती आंदोलनं केली, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. आपल्या घरातली बटाट्याची सालं दुसऱ्याच्या गावात जाऊन कुजणार, ही गोष्ट मनाला लागली पाहिजे.

ड्रम, पाला आणि रोजची पाच मिनिटं

बाल्कनीत खत करायला महागडा संच लागत नाही. पन्नास लिटरचे दोन झाकणवाले प्लास्टिकचे ड्रम पुरतात; भंगारवाल्याकडे वापरलेले मिळतात. पूर्वी त्यात रसायन असेल तर घेऊ नका, लोणच्याचे किंवा खाद्यतेलाचे असतील तर उत्तम. एक ड्रम भरायला चार-पाच आठवडे लागतात. तो भरला की झाकून बाजूला ठेवायचा आणि दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्याचं खत होत आलेलं असतं.

ड्रमच्या बाजूंना चारी अंगांनी भोकं पाडायची, दोन भोकांत चार बोटांचं अंतर. ड्रिलला पाच मिलिमीटरचा बिट लावा. त्याहून मोठी भोकं पाडली तर माश्या आत शिरतात, आणि मग आतून मच्छरदाणीची जाळी चिकटवत बसावं लागतं. सळई तापवूनही भोकं पडतात, पण जळक्या प्लास्टिकचा धूर नाकात जातो. शेजारून ड्रिल मागून आणलेलं बरं. तळाला सहा-सात भोकं, ड्रमखाली दोन विटा आणि विटांच्या मध्ये एक ताटली. ताटलीत रोज पाणी साठत असेल तर आत ओल जास्त आहे, एवढं ती लगेच सांगते.

तळाशी वीतभर नारळाच्या शेंड्या किंवा बारीक काटक्या टाका, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर दोन मुठी जुनं खत किंवा झाडाखालची माती. विरजण म्हणून वाटीभर आंबट ताक, सुपारीएवढा गूळ आणि लिटरभर पाणी कालवून शिंपडलं तरी चालतं. बाजारात यासाठी पुड्या मिळतात, पण त्यांची गरज नाही. सालींवर आणि मातीत जंतू मुळातच असतात. त्यांना हवा आणि योग्य ओल मिळाली की काम सुरू होतं.

रोजचं काम असं. ओला कचरा चाळणीत निथळून घ्यायचा. मोठे तुकडे दोन इंचांच्या आत चिरायचे: केळ्याची साल तीन तुकड्यांत, कोबीचा दांडा चार तुकड्यांत. ड्रममध्ये पसरायचा आणि वर तेवढाच, मापाने तेवढाच, सुका पाला चुरून घालायचा. एक वाडगं कचरा तर एक वाडगं पाला. शेवटी ओलं अजिबात दिसणार नाही असा पाल्याचा दोन बोटं जाड थर, आणि झाकण. दर चौथ्या दिवशी खुरप्याने किंवा काठीने तळापासून वर-खाली करायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण सुका पाला कधीही चुकवायचा नाही. घरच्या खताचे जितके प्रयोग फसतात त्यातले बहुतेक या एका गोष्टीपायी फसतात.

पाला इतका महत्त्वाचा का, तर जंतूंना कर्ब आणि नत्र दोन्ही लागतं, साधारण पंचवीस ते तीस भाग कर्बाला एक भाग नत्र. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी जास्त, सुक्या पानांत कर्ब जास्त. नुसती सालं टाकली तर ती खाली बसतात, हवा कोंडते आणि सडका वास सुटतो. पान मध्ये आलं की ते पाणी शोषतं आणि जागाही मोकळी ठेवतं. नारळाच्या भुशाच्या विटा विकत आणून हेच काम होतं, पण शहरभर पानगळ चालू असताना पैसे देऊन भुसा कशाला आणायचा?

पानगळ आपल्याकडे मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल. वर्षाचा पाला त्याच दिवसांत भरून ठेवायचा. रोज दीड लिटर चुरलेला पाला धरला तर वर्षाला साडेपाचशे लिटर होतात. तांदळाच्या मोठ्या पोत्यात दाबून भरला तर सहा-सात पोती. सोसायटीत झाडणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवा. नाहीतर तो ढीग संध्याकाळी कोपऱ्यात पेटवला जातो, आणि धूर पुन्हा आपल्याच खिडकीत येतो. सगळ्यांत सोयीची पानं रेनट्रीची. ती इतकी बारीक असतात की चुरायलाच लागत नाहीत. बदामाचं पान मोठं, पण वाळलं की हातात कुरकुरीत मोडतं. आंब्याचं आणि फणसाचं पान चिवट असतं, कुजायला वेळ घेतं. घेतलंत तर पोत्यात घालून पायाने तुडवून चुरा करा. मृगाच्या आधी पोती छपराखाली, जमिनीपासून उचलून ठेवायची. ओल धरलेला पाला ड्रममध्ये काहीच शोषत नाही, आणि पावसाळ्यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे असतं.

ओल बरोबर आहे का हे पाहायला मूठभर माल घेऊन घट्ट दाबा. बोटांतून पाणी टपकलं तर जास्त ओलं, मूठ उघडल्यावर भुगा सुटला तर कोरडं, गोळा राहिला आणि हात नुसता दमट झाला तर नेमकं. पिळून काढलेल्या फडक्याइतकी ओल हवी.

वासाचंही तसंच. नाकाला झोंबणारा, गोठ्यासारखा वास आला तर नत्र जास्त झालं, पाला वाढवा. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा नाही. सगळं उपसून, पाला मिसळून, मोकळं करून परत भरा. दोन दिवसांत वास जातो. पांढरी बुरशी दिसली तर उलट आनंदाची गोष्ट, काम चालू आहे. मुंग्या आल्या तर माल कोरडा पडलाय, पाणी शिंपडा. फळांवरच्या बारीक माश्या घोंघावत असतील तर वरचा पाल्याचा थर अपुरा आहे.

पावसाळ्यात कधी ड्रम उघडल्यावर बोटाच्या पेराएवढ्या, चपट्या, मातकट रंगाच्या अळ्या वळवळताना दिसतात. त्या पाहून किती तरी जण खत करणंच सोडतात. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. ही माशी घरातल्या माशीसारखी अन्नावर बसत नाही, चावत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्याने खाऊन संपवतात. नकोच असतील तर दोन दिवस ओलं टाकू नका, भरपूर पाला मिसळा, वर झाका. कोरडं झालं की त्या निघून जातात. औषध फवारू नका, खत करणारे जीवही त्याने मरतात.

ड्रममध्ये काय घालायचं नाही तेही पाहा. तेल, तूप, दूध, दही यांनी वास सुटतो. हाडं आणि माशांचे काटे बाल्कनीतल्या ड्रममध्ये नकोत. मांजर आणि उंदीर दोन्ही येतात. कोकणात परसात नारळाच्या बुंध्याशी माशांचं धुवण ओततात ते ठीक, तिथे जमीन आहे. नारळाची करवंटी, आंब्याची कोय, मक्याचं कणीस घातलं तर काही बिघडत नाही, पण ते महिनोन्‌महिने तसंच राहतं. शिळा भात किंवा पोळी थोडी असेल तर कुस्करून मधोमध पुरा. लिंबा-संत्र्याची सालं थोडी चालतात. निर्माल्यातला दोरा आधी काढा; बहुतेक हारांचा दोरा हल्ली प्लास्टिकचा असतो. चहाचा चोथा, अंड्याची कुटलेली टरफलं, नखं, केस, खुशाल घाला. चहाच्या कागदी पिशव्या मात्र फाडून फक्त पूड घाला, कित्येक पिशव्यांत प्लास्टिकचा धागा मिसळलेला असतो.

शेवटचं ओलं टाकल्यानंतर चाळीस ते साठ दिवसांनी माल काळपट-तपकिरी होतो, भुसभुशीत होतो आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. थंडीत दोन-तीन आठवडे जास्त लागतात. दिवसभर सावलीत पसरून गव्हाच्या चाळणीने चाळा. वर राहिलेला भरडा पुढच्या ड्रमला विरजण म्हणून घाला. महिन्याच्या वीस-बावीस किलो ओल्या कचऱ्यातून पाच-सहा किलो खत हाती येतं.

खत पिकलंय का, हे मेथीला विचारायचं. एका वाटीत खत, त्यात मेथीचे दहा दाणे, वर थोडं पाणी. चार-पाच दिवसांत आठ-नऊ उगवले तर खत तयार. तीन-चारच उगवले तर अजून पंधरा दिवस ठेवा. कच्चं खत कुंडीत घातलं तर कुजण्याचं काम मुळांशी चालू राहतं, नत्र जंतूच खातात आणि झाड पिवळं पडतं. मग दोष खताला दिला जातो. पिकलेलं खत बारा इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी पुरतं. नवी कुंडी भरताना एक भाग खताला दोन भाग माती.

ज्यांच्याकडे अंगण किंवा गच्ची आहे आणि खरकट्या भात-पोळीचं प्रमाण मोठं आहे त्यांनी घरगुती बायोगॅसचाही विचार करावा. पुण्याच्या ‘आरती’ (अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, शेणाऐवजी पिठूळ उरल्यासुरल्या अन्नावर चालणारं छोटं संयंत्र तयार केलं; त्याला २००६ मध्ये शाश्वत ऊर्जेच्या कामासाठीचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. फ्लॅटच्या बाल्कनीत मात्र त्याच्या भानगडीत पडू नये. वजन आणि वास दोन्ही अडचणीचे आहेत.

कचरा होण्याआधीच

ड्रममध्ये जाणाऱ्या कित्येक गोष्टी खरं म्हणजे ताटातल्या. दोडक्याच्या शिरा खरवडून तेलावर खरपूस परतायच्या, तीळ, सुकं खोबरं, लसूण आणि मिरची घालून कुटायच्या. ही चटणी दोडक्याच्या भाजीच्या आधी संपते. दुधी आणि लाल भोपळ्याच्या सालींचीही अशीच होते. कलिंगडाचा पांढरा गर किसून थालीपिठात, कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या वाटणात, मटाराच्या शेंगांची आतली पातळ साल काढून उरलेली शेंग भाजीत. फोडणीचा भात आणि शिळ्या पोळीचा कुस्करा सगळ्यांना येतो. उरण्याचं मूळ पाहायचं तर तेही काट्यावर दिसतं. आठवड्यात तीनदा भात उरत असेल तर तांदळाचं माप कमी करायला हवं.

कुकर लावताना

गॅसचा हिशोब सोपा आहे. नवा सिलिंडर जोडला की तारीख कॅलेंडरवर लिहा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो किती दिवस पुरला हे दोन-तीन सिलिंडर पाहिलं की आपला आकडा कळतो, आणि पुढे केलेल्या बदलाचा परिणामही.

मराठी घरात सगळ्यांत जास्त गॅस वाचवणारी वस्तू आधीपासून ओट्यावर आहे. वरण, भात आणि बटाटे एकावर एक डब्यांत, एकाच कुकरमध्ये. फक्त शिट्ट्या मोजण्याची सवय सोडायला हवी. कुकरमध्ये दाब चढला की आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास असतं. शिट्टी होते म्हणजे दाब पुरा झालाय आणि जास्तीची वाफ बाहेर जातेय. मोठ्या आचेवर चार शिट्ट्या काढण्यात अन्न लवकर शिजत नाही, नुसती वाफ हवेत जाते. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करा, सात-आठ मिनिटं ठेवा, बंद करा आणि दाब आपोआप उतरू द्या. त्या दहा-बारा मिनिटांतही आत शिजणं चालूच असतं. गार पाण्याखाली कुकर धरून झाकण उघडलं की ती उष्णता मोरीत गेली.

तूरडाळ आणि तांदूळ अर्धा तास आधी भिजवा, हरभरे-राजमा रात्रभर. मीठ, चिंच, टोमॅटो डाळ शिजल्यावर. आंबट आधी पडलं की डाळ शिजायला हट्ट करते. तळाशी दोन वाट्या पाणी पुरे. ज्योत भांड्याच्या बाहेर दिसत असेल तर तेवढा गॅस ओटा तापवतोय. ज्योत पिवळी दिसायला लागली किंवा भांड्यांची बुडं काळी होऊ लागली तर बर्नरची भोकं बुजली आहेत: बर्नर काढून, ब्रश आणि टाचणीने साफ करून, पूर्ण वाळवून लावा. तरीही निळी झाली नाही तर आतलं जेट माणूस बोलावून साफ करून घ्या, ते स्वतः उघडू नका. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. नळीवर तारीख छापलेली असते, ती एकदा वाकून पाहा.

मोकळ्या पातेल्यातला भात आवडत असेल तर आजीची पद्धत अजून कामाची आहे. भाताला पाच-सहा मिनिटं खळखळून उकळी आणा, झाकण घट्ट लावा, पातेलं जाड टॉवेलात आणि मग गोधडीत गुंडाळून पाऊण तास ठेवा. पातेलं जड बुडाचं आणि निम्म्याहून जास्त भरलेलं हवं. थोड्या भाताला उष्णता धरून ठेवता येत नाही आणि तो कच्चट राहतो. पाऊण तासाने लगेच वाढा. कोमट अन्न तासन्‌तास गुंडाळून ठेवणं पोटाला धोक्याचं.

पाणी: आधी टीडीएस मोजा

बाथरूममधल्या बादलीवर आपण बरंच बोलतो, पण स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या यंत्राकडे लक्ष जात नाही. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाणी देताना साधारण अडीच-तीन लिटर पाणी बाहेर सोडतं. पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला दहा लिटर धरलं तर पंचवीस-तीस लिटर मोरीत. वर्षाचे झाले दहा हजार लिटर, म्हणजे आख्खा एक टँकर!

आरओचं काम पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजेच टीडीएस, काढण्याचं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. काही शे रुपयांत टीडीएस मीटर मिळतो, तो नळाच्या पाण्यात बुडवून आकडा पाहा. धरणातून येणाऱ्या महापालिकेच्या पाण्याचा आकडा बहुधा २०० च्या आतच येतो. अशा घरात आरओची गरज नाही. जंतूंसाठी यूव्ही (अतिनील किरण) आणि गाळण पडदा असलेलं यंत्र, किंवा गाळून उकळलेलं पाणी पुरतं. टीडीएस मीटर जंतू दाखवत नाही, हे मात्र विसरू नका. आकडा कमी आला म्हणून पाणी न गाळता-उकळता पिऊ नये.

बोअरचं पाणी ८०० असेल तर आरओ ठेवा, पण बाहेर पडणारं पाणी बादलीत घ्या. ते लादी पुसायला, फ्लशला, भांडी विसळायला चालतं. कुंड्यांना नको: त्यात क्षार हजाराच्या वर गेलेले असतात, कुंडीत साचतात, मातीवर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा करपतात.

फ्लशची टाकी गळते का हे पाहायला रात्री टाकीत चिमूटभर नीळ टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यातलं पाणी निळं झालं तर आतला वॉशर गेलाय. ही गळती आवाज करत नाही, म्हणून महिनोन्‌महिने कळत नाही. जुनी टाकी एका वेळी दहा-बारा लिटर सोडत असेल तर पाण्याने भरलेली लिटरची बाटली आत उभी करा, दर फ्लशला लिटरभर वाचतं. वीट ठेवू नका. ती विरघळते आणि तिची माती वॉशरमध्ये अडकते.

बेसिनच्या नळाला एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळणारी तोंडाची जाळी, बसवा. आधी लिटरचा मग भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. पाच सेकंद म्हणजे मिनिटाला बारा लिटर. मिनिटाला तीन लिटरचा एरेटर बसवला की हात धुवायला पाणी पुरतं आणि धार मऊ पडते. दुकानात जाताना नळाचं जुनं तोंड काढून सोबत न्या, आटे आत आहेत की बाहेर यात हमखास चूक होते. बादली भरायच्या नळाला मात्र एरेटरचा उपयोग नाही. बादलीला लागणारं पाणी तेवढंच, नुसता वेळ जातो. जड पाण्याच्या भागात दर तीन महिन्यांनी तो काढून अर्धा तास लिंबाच्या रसात ठेवा.

विजेचं थोडक्यात

घरातला जो पंखा सगळ्यांत जास्त तास चालतो तो आधी बदला. बाकीचे खराब होतील तेव्हा. साधा पंखा पूर्ण वेगात ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. दिवसाला पंधरा तास धरले तर महिन्याला वीस युनिट वाचतात. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटवर टप्पा बदलतो आणि दर चढतो, म्हणून बचत नेहमी वरच्या दराच्या युनिटांतूनच होते. बसवताना जुना रेग्युलेटर काढून टाका. तो मध्ये राहिला तर पंखा कधी गुरगुरतो, कधी त्यातलं सर्किट जळतं.

गीझर अंघोळीच्या आधी पंधरा-वीस मिनिटं लावून बंद करा. पंधरा लिटर पाणी २२ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण पाऊण युनिट लागतं. चालू ठेवलेला गीझर दिवसभर तेच पाणी पुन्हा पुन्हा तापवत राहतो. एसी असेल तर २४ ते २६ वर, सोबत पंखा. एकेक अंश वर नेल्याने सुमारे सहा टक्के वीज वाचते. सेट टॉप बॉक्सचं बटण भिंतीवर बंद करा, रिमोटने नव्हे.

छपरावर मोकळी जागा असेल तर दर किलोवॉटला शंभर चौरस फूट आणि दिवसाला सरासरी चार युनिट हा हिशोब धरा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराला एक किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्तला ७८,००० रुपये अनुदान आहे. सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी कुठवर जाते ते डिसेंबरात पाहून मगच पॅनलची जागा ठरवा, कारण तेव्हा सावली सगळ्यांत लांब असते.

सुक्या कचऱ्यात हात घालणारं माणूस

दुधाची पिशवी कापताना आपण कोपरा कापून टाकतो. तो नखाएवढा त्रिकोण मोरीत, केरात, गटारात जातो. कुणी वेचू शकत नाही आणि कुठल्याही भंगारात जमा होत नाही. रोज दोन पिशव्या म्हणजे वर्षाला ७३० त्रिकोण, एका घरातून. कात्री कोपऱ्यावर तिरकी लावा आणि शेवटचे दोन-तीन मिलिमीटर न कापता सोडा, म्हणजे तुकडा पिशवीला लटकत राहतो. दूध ओतल्यावर पिशवीत घोटभर पाणी घालून हलवा, ते पाणी कणकेत घाला. मग पिशवी उलटी करून दोरीवर वाळवा. महिन्याची साठ पिशव्यांची चळत भंगारवाला आनंदाने घेतो. न धुतलेली पिशवी दुसऱ्या दिवशी आंबते आणि तिच्यासोबतचे कागदही वाया जातात. चिप्स आणि बिस्किटांची आतून चंदेरी पाकिटं मात्र धुऊनही फारशी कुणी घेत नाही. ती घरात कमी आणणं एवढाच उपाय.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणं घरांवर बंधनकारक केलं. जुनी औषधं, बॅटऱ्या, ट्यूब, रंगाचे डबे यांचा वेगळा डबा ठेवा आणि भरला की घरगुती घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून त्यावर ठळक लाल ठिपका काढायची पद्धत पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंनी रुजवली. ठिपका दिसला की पुडकं उघडावं लागत नाही. सुई, ब्लेड आणि इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण चिकटपट्टीने बंद करा. काच फुटली तर तुकडे वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळा, जुन्या खोक्यात घाला, दोरीने बांधा आणि वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहा. पुडकं घंटागाडीत टाकू नका, ताईंच्या हातात द्या आणि आत काच आहे हे तोंडाने सांगा.